'बोनाफाईड' की 'बोना फायडी'? दाखल्यावरच्या एका शब्दजोडीचं स्पेलिंग, उच्चार आणि मूळ

तुमचा प्रश्न मी असा समजलो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या तुमच्या मराठी शाळेनं दिलेल्या दाखल्यावर ठळक इंग्रजीत 'बोनाफाईड सर्टिफिकेट' छापलंय, पण त्या शब्दाच्या शेवटी 'आय-ई-डी' आहे. पुण्याला मुलाखतीत तुम्ही 'बोनाफाईड' म्हणालात, तर समोरच्या बाईंनी 'बोना फायडी' असं सुधारून सांगितलं. घरी येऊन मोबाईलवर ऐकलंत, तर तिथे दोन्ही उच्चार. आता तुम्ही विचारताय की बरोबर कुठलं, हा शब्द मुळात आला कुठून, आणि स्पेलिंग चुकलेला दाखला पुढच्या कॉलेजात परत पाठवतील का.

मी बेळगावात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर मराठी-कन्नड कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरं करून देतो. त्यामुळे हा शब्द सतत हाताखालून जातो, कधी दाखल्यावर, कधी वकिलाच्या नोटिशीत, कधी परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या फाईलमध्ये. तुमच्या लिहिण्यातून असं दिसतं की त्या मुलाखतीनंतर आपलं इंग्रजीच कच्चं आहे असं तुम्हाला वाटू लागलंय. म्हणून तेवढं आधी सांगतो: तुमचा उच्चार चूक नव्हता. शाळेचं स्पेलिंग मात्र चूक आहे. आणि दाखला चालेल की नाही हे तो कुठल्या खिडकीवर देणार त्यावर अवलंबून आहे. तिन्ही गोष्टी एकमेकांत मिसळल्यामुळे गोंधळ झालाय. एकेक करून बघू.

स्पेलिंग असं: बी-ओ-एन-ए, मग एक जागा मोकळी, मग एफ-आय-डी-ई. म्हणजे दोन शब्द. भारतात हे दोन शब्द जोडून एकच करायची पद्धत इतकी रुळली आहे की सरकारी फॉर्मवर, वर्तमानपत्रांत, विद्यापीठांच्या परिपत्रकांत सगळीकडे तसंच दिसतं. जोडून लिहिलेलं कुणी समजून घेणार नाही असं होत नाही. पण कागद देशाबाहेर जाणार असेल किंवा तुम्ही स्वतः लिहिणार असाल, तर दोन शब्दच लिहा. शेवटची अक्षरं मात्र 'डी-ई' हीच. 'आय-ई-डी' कुठल्याच शब्दकोशात मिळणार नाही.

मग 'आय-ई-डी' इतक्या शाळांच्या शिक्क्यांवर कसं येतं? त्याला कारण आहे, आणि ते निष्काळजीपणाचं नाही. कानाला 'फाईड' ऐकू येतं. त्याच कानानं आपण 'सर्टिफाईड', 'क्वालिफाईड', 'सॅटिस्फाईड' ऐकलेलं असतं आणि त्या सगळ्यांच्या शेवटी 'आय-ई-डी' आहे. शिवाय 'सर्टिफाय' हा शब्द त्याच दाखल्याच्या पहिल्या ओळीत असतो. शिक्का करणाऱ्याच्या हातून 'बोनाफाईड' त्याच रांगेत जाऊन बसतो. पण ती रांग वेगळ्या घराण्याची आहे. 'सर्टिफाय', 'क्वालिफाय' यांच्यातला 'फाय' लॅटिनमधल्या 'करणे' या अर्थाच्या क्रियापदातून, 'फाकेरे'तून आला. 'बोना फाईड'मधला 'फाईड' म्हणजे लॅटिन 'फिदेस', अर्थात विश्वास, वचनाचा पक्केपणा, इमान. 'बोनाफाय' नावाचं क्रियापद इंग्रजीत नाही, त्यामुळे त्याचं भूतकाळी रूपही नाही.

गंमत अशी की या दोन घराण्यांची गाठ खुद्द सिसेरोनं घातली होती. रोमचा हा प्रसिद्ध वकील ख्रिस्तपूर्व 44 मध्ये कर्तव्यांबद्दल लिहिताना म्हणतो की न्यायाचा पाया 'फिदेस' आहे, म्हणजे बोलण्यात आणि करारात खरेपणा. आणि पुढे सुचवतो की 'जे बोललं ते होवो' यातल्या 'होवो'वरून, लॅटिन 'फियात'वरून, 'फिदेस' हा शब्द आला असावा. आजचे भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मानत नाहीत. 'फिदेस'चं मूळ 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या एका जुन्या इंडो-युरोपीय धातूत आहे. पण सारख्या आवाजाचे शब्द एकाच मुळाचे वाटणं किती स्वाभाविक आहे, हे यावरून कळतं.

आता मुळाकडे. दहावीला संस्कृत घेतलेलं असेल तर हे दोन मिनिटांत समजेल. लॅटिनमध्येही संस्कृतसारख्या विभक्ती आहेत आणि विशेषण नामाच्या लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे बदलतं. 'फिदेस' स्त्रीलिंगी, म्हणून 'चांगला' या अर्थाच्या 'बोनुस'चं स्त्रीलिंगी 'बोना'. 'बोना फिदेस' म्हणजे शुद्ध बुद्धी, सद्भाव. आणि 'शुद्ध बुद्धीनं' असं म्हणायचं झालं की रूप होतं 'बोना फिदे'. संस्कृतात जसं 'शुद्धया बुद्ध्या', तसंच हे. 'नं', 'ने' किंवा 'सह' हा भाग शब्दाच्या शेवटातच मुरलेला आहे. म्हणून इंग्रजीत 'बोना फाईड'च्या आधी 'इन' किंवा 'विथ' लावण्याची गरज नसते. काही अर्जांत 'इन बोनाफाईड' असं दिसतं, तिथे तो 'इन' मी काढून टाकतो.

मराठीत याचा सख्खा भाऊ शोधायचा तर तो आहे 'इमानेइतबारे'. 'इमान' आणि 'इतबार' हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे आले, पण त्यांना शेवटचा 'ए' आपण लावला, आणि 'इमानानं व विश्वासानं' असं क्रियाविशेषण तयार झालं. रोमन वकील 'बोना फिदे' म्हणायचा तेव्हा त्याला जे म्हणायचं असे, ते आपण 'त्यानं इमानेइतबारे नोकरी केली' या वाक्यात म्हणतो. वर्गात मी हा शब्द फळ्यावर लिहिला की मुलांना पुढे काही समजवावं लागत नसे.

रोमन लोकांना 'फिदेस' इतकी मोलाची होती की तिला त्यांनी देवी मानलं. तिची पूजा नुमा राजानं सुरू केली अशी परंपरा सांगते, आणि तिला अर्पण करताना पुजारी हात बोटांपर्यंत कापडात गुंडाळून घेत, कारण वचन उजव्या हातात वसतं अशी समजूत होती. पुढे रोमन कायद्यात 'सद्भावाचे दावे' असा वेगळा प्रकारच तयार झाला. खरेदी-विक्री, भाडेपट्टा, भागीदारी यांतल्या तंट्यांत न्यायाधीशानं कराराची केवळ अक्षरं न बघता, सद्भावानं वागणाऱ्या माणसानं काय करायला हवं होतं ते बघावं, असा त्याचा अर्थ. तिथून हा वाक्प्रयोग युरोपभरच्या कायद्यांत गेला आणि सोळाव्या शतकात इंग्लंडच्या कायद्यांच्या भाषेत दिसू लागला.

सुरुवातीला इंग्रजीतही तो क्रियाविशेषण म्हणूनच वापरत, म्हणजे 'त्यानं बोना फाईड खरेदी केली', अर्थात फसवणुकीचा हेतू न ठेवता. मग हळूहळू तो नामाच्या आधी बसू लागला: बोना फाईड खरेदीदार, बोना फाईड प्रवासी. आणि अर्थही सरकला. 'सद्भावानं' पासून 'खराखुरा, अस्सल' पर्यंत. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात रविवारी ठरावीक वेळी दारूची दुकानं बंद ठेवावी लागत, पण खऱ्याखुऱ्या प्रवाशाला पेय देण्याची मुभा होती. 1874 च्या कायद्यानं त्याला माप लावलं: आदल्या रात्री जो निदान 3 मैल दूर मुक्कामाला होता तोच बोना फाईड प्रवासी. साहजिकच काही लोक रविवारी तीन मैल चालत जाऊन 'प्रवासी' व्हायचे. अर्थ कसा बदलला ते इथे स्वच्छ दिसतं. त्या माणसाच्या मनातला हेतू कायद्यानं बाजूला ठेवला आणि त्याच्या नावापुढचं वर्णन खरं आहे की नाही एवढंच मोजलं. तुमच्या दाखल्यावर 'बोनाफाईड विद्यार्थी' लिहितात तो हाच अर्थ: या शाळेचा खराखुरा, पटावरचा विद्यार्थी.

आपल्याकडे कायद्याचा धागा जुनाच आहे. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि मुंबईच्या 1947 च्या भाडेकायद्यात घरमालकाला जागा परत हवी असेल तर त्याची गरज वाजवी आणि 'बोना फाईड' असली पाहिजे असं म्हटलेलं होतं. घरमालक-भाडेकरूच्या खटल्यांत हा शब्द इतका घासला गेला की गल्लीतल्या न शिकलेल्या माणसालाही 'मालकाची बोनाफाईड गरज' म्हणजे काय ते कळू लागलं. त्याचं उलट 'माला फाईड', म्हणजे वाईट हेतूनं; बदलीच्या आदेशाविरुद्धच्या अर्जात हा हमखास भेटतो. स्पेलिंगचा नियम तोच, एम-ए-एल-ए आणि एफ-आय-डी-ई, दोन शब्द.

'सद्भाव' म्हणजे नेमकं काय, यावर आपल्या दोन जुन्या कायद्यांची उत्तरं वेगळी आहेत, आणि ते तुमच्या दाखल्याला थेट लागू पडतं. 1860 च्या भारतीय दंड संहितेचं कलम 52 सांगत होतं की पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावानं केली असं म्हणता येणार नाही. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनंही तीच व्याख्या ठेवली आहे. उलट 1897 चा जनरल क्लॉजेस ॲक्ट म्हणतो की गोष्ट प्रामाणिकपणे केली असेल तर ती सद्भावानंच केली, मग त्यात हयगय झाली असो वा नसो. समजा मुख्याध्यापकांनी मनात काहीही वाईट न ठेवता, पण रजिस्टर न उघडता दाखल्यावर सही केली. एका व्याख्येनं ते सद्भावात बसतं, दुसरीनं बसत नाही. मला स्वतःला दंड संहितेची, काळजी मागणारी व्याख्या पटते. ज्या दाखल्याच्या डोक्यावरच 'बोना फाईड' लिहिलंय, त्याच्यामागे रजिस्टर उघडून बघण्याची तसदी असलीच पाहिजे.

चांगल्या क्लार्कची पद्धत बघितली की हे पटतं. दाखला मागायला मूल आलं की तो आधी जनरल रजिस्टर काढतो. लांबलचक आडवं पान, त्यावर रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. बोट ओळीवर ठेवून तो एकेक रकाना वाचतो आणि दाखल्याच्या कोऱ्या जागांत तेच उतरवतो. सीमाभागातल्या काही जुन्या शाळांत सुरुवातीच्या नोंदी मराठीत आणि पुढच्या कन्नडमध्ये असतात, त्यामुळे त्याला दोन्ही लिप्या वाचता याव्या लागतात. मग जावक नोंदवहीत क्रमांक, तारीख, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. या सगळ्यात माथ्यावरचं इंग्रजी स्पेलिंग एकदाच कधीतरी ठरलेलं असतं आणि नंतर कुणी त्याकडे बघत नाही.

उच्चाराकडे वळतो, कारण तुम्हाला टोचलंय ते तेच.

मूळ लॅटिन उच्चार साधारण 'बॉना फिदे'. इंग्लंडमध्ये मात्र लॅटिन शब्द शतकानुशतकं इंग्रजीच्याच चालीवर वाचले गेले. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर जागचे हलले. जो 'ई' होता तो 'आय' झाला. लॅटिन शब्दांनाही तोच नियम लागला. दोन अक्षरी लॅटिन शब्दात पहिलं अक्षर स्वरावर संपत असेल, तर इंग्रज माणूस तो स्वर लांब करून म्हणायचा. त्यामुळे 'फि-दे'चा 'फाय-डी' झाला. लॅटिनमध्ये शेवटचा 'ई' हे अक्षर कधी मुकं नसतं, म्हणून 'डी' उच्चारायचाच. ब्रिटिश शब्दकोशांत आजही 'बोना फायडी' असंच आहे, आणि जोर 'फाय'वर.

शाळा-विद्यापीठांतून लॅटिनचा हा इंग्रजी ढंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास मागे पडला, पण कोर्टकचेरीत आणि संसदेत तो टिकला. म्हणून वकील 'प्रायमा फेशी' म्हणतात, 'प्रीमा फाकिए' नाही. बेळगावच्या हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, आणि शेवटच्या दिवशी सभागृह बेमुदत तहकूब होतं तेव्हा इंग्रजीत जो शब्द वापरतात तो 'सायनी डाय-ई'. मूळ लॅटिन 'सिने दिए', म्हणजे पुढची तारीख न देता. 'सिने'चं 'सायनी' आणि 'फिदे'चं 'फायडी', दोन्हीकडे नियम एकच. तुमच्या मुलाखतीतल्या बाईंचा उच्चार या परंपरेतला आहे.

अमेरिकेत बहुतेक जण 'बोना फाइड' म्हणतात, जोर 'बो'वर, शेवटचा 'ई' मुका. इंग्रजीत 'साइड', 'वाइड', 'राइड' या शब्दांच्या शेवटी हेच अक्षर मुकं असतं, त्याच चालीवर. आपण भारतात 'बोनाफाईड' म्हणतो ते अमेरिकेकडून घेतलेलं नाही. छापलेले शब्द शाळेत शिकलेल्या नियमानं वाचले की कुणीही तिथेच पोचतं. पण अमेरिकन शब्दकोशांत तो उच्चार नोंदलेला आहे, म्हणजे तुम्ही जे बोललात ते कोट्यवधी इंग्रजी भाषकांच्या तोंडी आहे. तुम्हाला कुणी चूक म्हणालं तर हे निर्धास्त सांगा.

बेळगावात आणखी एक रूप ऐकू येतं, 'बोनाफाईडु'. कन्नड बोलीत व्यंजनावर संपणाऱ्या परक्या शब्दाला शेवटी 'उ' जोडायची सवय आहे, 'बस्सु', 'सर्टिफिकेटु' तसं. बोलण्यात ते अगदी स्वाभाविक आहे. औपचारिक इंग्रजी बोलताना तेवढं टाळायचं.

मग तुम्ही कुठला उच्चार धरायचा? माझा सल्ला असा. महाराष्ट्रात, कर्नाटकात, शाळा-कॉलेजच्या ऑफिसात 'बोनाफाईड'च म्हणा. 'बोना फायडी' म्हटलंत तर खिडकीपलीकडचा माणूस क्षणभर थांबेल. ब्रिटनमधल्या विद्यापीठाशी बोलताना 'बोना फायडी' म्हटलेलं बरं. आणि एकदा धरलेला उच्चार त्या संभाषणात बदलू नका. 'बोना फिडे' हा अर्धा लॅटिन उच्चार मात्र टाळा, इंग्रजीत तो कुठेच रुळलेला नाही. मराठीत लिहिताना 'फाईड' की 'फाइड'? दोन्ही दिसतात. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ लिहायची मराठीची चाल 'फाईड'कडे जाते, म्हणून रोजच्या लेखनात मी तसंच लिहितो.

शेवटी 'एस' असलेलं 'बोना फाइडीझ' हे रूपही कधीतरी भेटेल. ते अनेकवचन नाही. ते मूळ नाम आहे, 'सद्भाव' किंवा 'ओळखीचा खरेपणा' या अर्थाचं. 'त्याचे बोना फाइडीझ तपासा' म्हणजे तो सांगतोय तोच माणूस आहे का ते बघा.

हाच 'फिदेस' इंग्रजीत पुष्कळ घरांत राहतो. 'कॉन्फिडन्स' त्यातलाच, 'फिडेलिटी' त्यातलाच. बेळगावच्या रिसालदार गल्लीत किंवा कोर्टाच्या आवारात स्टॅम्प पेपरवर टाइप होणारं 'ॲफिडेव्हिट' हे तर मध्ययुगीन लॅटिनमधलं चक्क एक क्रियापद आहे, 'त्यानं शपथेवर सांगितलं आहे' या अर्थाचं. 'फेडरल' हा शब्दही दूरचा नातेवाईक, कारण राज्याराज्यांतला तह हासुद्धा विश्वासावरच. दिवाळीचा 'बोनस' मात्र 'बोना'कडचा, 'चांगलं' या अर्थाचा.

आता तुमचा व्यवहाराचा प्रश्न. इथे एक गोष्ट सीमाभागातल्या मुलांनी नीट समजून घ्यायला हवी. महाराष्ट्रात 'बोनाफाईड' म्हणतात तो दाखला आणि कर्नाटकात मिळणारं 'स्टडी सर्टिफिकेट' हे एकच कागद नव्हेत. बोनाफाईड सांगतो की अमुक मुलगा आज या शाळेत, या इयत्तेत आहे. स्टडी सर्टिफिकेट सांगतं की तो कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत इथे शिकला. कर्नाटकातल्या व्यावसायिक प्रवेशांसाठी राज्यात 7 वर्षं शिकल्याचा पुरावा म्हणून ते मागतात आणि त्यावर बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची, प्रतिस्वाक्षरी लागत आली आहे. कन्नडमध्ये त्याला 'व्यासंग प्रमाणपत्र' म्हणतात, तिथे 'व्यासंग' म्हणजे साधं शिक्षण. तसंच महाराष्ट्रातलं 'एलसी' म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, तो कर्नाटकात 'टीसी' असतो. कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा पुण्याच्या कॉलेजनं 'बोनाफाईड' मागितला आणि तुम्ही स्टडी सर्टिफिकेट नेलंत, तर फेरी फुकट जाऊ शकते. सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात राखीव असलेल्या जागांसाठी अर्ज करणार असाल, तर कुठला कागद हवा ते माहितीपत्रकातल्या नेमक्या शब्दांवरून ठरवा.

केवळ 'आय-ई-डी' मुळे दाखला नाकारलेला माझ्या पाहण्यात नाही. तपासणारा माणूस मजकूर, सही, शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख बघतो. तरी परदेशी विद्यापीठ, दूतावास किंवा कागद एकेक अक्षर पडताळणारी संस्था असेल तर नवा दाखला घ्या, कारण तिथल्या माणसाला आपल्या शाळांची सवय नसते आणि मथळ्यातलीच चूक बघून त्याच्या मनात शंका येऊ शकते. आणखी एक. त्या लोकांना ई-मेलमध्ये 'माझं बोनाफाईड जोडलं आहे' असं लिहू नका. त्यांच्या इंग्रजीत 'बोना फाईड सर्टिफिकेट' म्हणजे 'अस्सल प्रमाणपत्र', मग कसलं अस्सल प्रमाणपत्र, हा प्रश्न उरतोच. त्यांना 'एन्रोलमेंट लेटर' किंवा 'सर्टिफिकेट ऑफ एन्रोलमेंट' म्हटलं की लगेच कळतं.

मथळ्यापेक्षा जास्त त्रास देतं ते नाव. या भागात एकाच मुलाचं नाव दोन लिप्यांतून इंग्रजीत जातं. 'ज्ञानेश्वर' मराठीवरून लिहिला तर 'डी-एन-वाय'नं सुरू होतो, कन्नडवरून लिहिला तर 'जे-एन'नं. एका कागदावर आडनाव शेवटी, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर. जन्मदाखल्यावर 'बेलगाम', आणि 1 नोव्हेंबर 2014 ला नाव बदलल्यानंतरच्या कागदांवर 'बेळगावी'. गावाच्या नावातला फरक सरकारी बदल असल्यामुळे समजावून सांगता येतो. तुमच्या स्वतःच्या नावातला फरक मात्र ॲफिडेव्हिटपर्यंत नेतो. तेव्हा दाखला हातात पडला की आधी नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक दिसली तर स्वतः पेन लावू नका, व्हाइटनर तर अजिबात नको. खाडाखोड असलेला दाखला मथळ्यातल्या चुकीपेक्षा कितीतरी जास्त संशयास्पद दिसतो. शाळेतूनच नवा लिहून घ्या, किंवा दुरुस्तीशेजारी मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घ्या.

शाळेला स्पेलिंगबद्दल सांगायचं असेल तर जरूर सांगा, आदरानं सांगितलेलं गुरुजींना आवडतंच. छापील पॅड संपेपर्यंत ते जुनंच वापरतील, पण पुढच्या छपाईला किंवा नव्या शिक्क्याला बदल होऊ शकतो. मात्र छापखान्यात तोंडी सांगून भागणार नाही. ऐकून लिहिणारा पुन्हा 'आय-ई-डी'च लिहील. कागदावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द वेगळे लिहून द्या, शेवटचं 'डी-ई' अधोरेखित करा, आणि छपाईआधी प्रूफ स्वतःच्या डोळ्यांनी बघा.